शिकायला बाहेरगावी, हिशेब दुकानात: घरचा कॉम्प्युटर लांबून कसा चालवायचा



दरवर्षी ॲडमिशनचे दिवस आले की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "सर, दुकानाचं टॅली मीच बघतो. आता पुण्याला चाललोय शिकायला. मागे वडील एकटेच. काय करू?" कोणी कोल्हापूरला चाललेलं असतं, कोणी नागपूरला. दुकान कधी किराणाचं, कधी खताचं, कधी कापडाचं. अडचण मात्र सगळीकडे सारखीच: हिशेब दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये आणि हिशेब समजणारा माणूस हॉस्टेलमध्ये.

मीही यातून गेलोय. २००९ साली बीबीए करायला बार्शीहून पुण्याला आलो, तेव्हा आमच्या हार्डवेअरच्या दुकानात अण्णांना बिल करता यायचं, पण व्हॅटचा हिशेब, उधारीची यादी, महिनाअखेर, हे सगळं माझ्याकडे होतं. तीन वर्षं मी हॉस्टेलच्या खोलीतून यूएसबी डोंगल लावून दुकानाचा कॉम्प्युटर चालवला. त्यात काय जमलं, काय फसलं, आणि एक चूक किती महागात पडणार होती, ते आज सांगतो. व्हिडिओत स्क्रीन दाखवली आहे. इथे क्रमाने लिहून देतोय, म्हणजे समोर ठेवून करता येईल.

आधी समजून घ्या: नक्की होतं काय?

लांबून कॉम्प्युटर चालवणं म्हणजे दुकानातल्या स्क्रीनचं चित्र इंटरनेटवरून तुमच्या लॅपटॉपवर येतं, आणि तुमचा माऊस-कीबोर्ड तिकडे जातो. बस. टॅली दुकानातच चालतं, डेटा दुकानातच राहतो. त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर टॅली नसलं तरी चालतं आणि लॅपटॉप साधा असला तरी चालतो.

याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. स्क्रीन एकच आहे. वडील काउंटरवर बिल करत असताना तुम्ही माऊस हलवला, तर दोघांचीही पंचाईत. गिऱ्हाईक समोर उभं आणि बिलाची खिडकी गायब! म्हणून पहिल्या दिवशीच वेळ ठरवा. आमची वेळ रात्री नऊनंतरची होती, शटर ओढल्यावर.

काही जण विचारतात, "त्यापेक्षा टॅलीचा फोल्डरच गूगल ड्राइव्हवर टाकला तर?" चालू डेटा तसा टाकू नका. टॅली उघडं असताना त्याच्या फाइली सतत बदलत असतात. त्यात दोन ठिकाणांहून सिंक व्हायला लागलं की डेटा खराब होऊ शकतो. ड्राइव्हवर टाकायचा तो बॅकअप. टॅलीप्राइममध्ये अल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू उघडतो, त्यात बॅकअप आहे. तो घ्यायचा आणि ती कॉपी ड्राइव्हवर ठेवायची.

कोणतं साधन वापरायचं?

विंडोजमध्ये स्वतःचं रिमोट डेस्कटॉप आहे, पण ज्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं त्यात विंडोजची प्रो आवृत्ती लागते. होम आवृत्ती असेल तर बाहेरून त्यात शिरता येत नाही, आणि दुकानांमधल्या बऱ्याच मशीनवर होमच असते. प्रो असली तरी कोणी "राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट उघडून देतो" म्हणालं, तर नाही म्हणा. हा पोर्ट जगभर चोरांना पाठ आहे. तो इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे शटर अर्धं वर ठेवून घरी जाणं.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही नावं तुम्ही ऐकली असतील. चांगली आहेत, पण त्यांचा फुकट वापर वैयक्तिक कामापुरता आहे. दुकानाचा हिशेब हे व्यवसायाचं काम झालं. म्हणून छोट्या दुकानदाराला मी क्रोम रिमोट डेस्कटॉप सुचवतो. पैसे लागत नाहीत, विंडोज होमवर चालतं आणि राउटरमध्ये काहीही बदलावं लागत नाही. मोबाइलवरही चालतं, पण मोबाइलवर टॅलीत एंट्री करणं म्हणजे सुईत सुतळी ओवणं. बघण्यापुरतं ठीक आहे.

एक अट. दुकानातलं विंडोज जुनं नको. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ७ वर तर हा उद्योग करूच नका. आधी मशीन बघा, मग पुढे चला.

पायरी १: कॉम्प्युटर आपला आपण उठला पाहिजे

सगळे सॉफ्टवेअरच्या मागे लागतात आणि अडतात विजेपाशी. माझ्या पहिल्याच महिन्यात असं झालं. लोडशेडिंग, यूपीएस संपला, कॉम्प्युटर बंद. वीज आली, पण बटण दाबायला दुकानात कोणी नाही. मी रात्री साडेनऊपासून अकरापर्यंत हॉस्टेलमध्ये नुसता "कनेक्ट होत आहे" बघत बसलो. म्हणून निघण्याआधी एवढं करा:

• विंडोजच्या सेटिंग्जमध्ये, सिस्टीम आणि पॉवरमध्ये जाऊन स्लीप "नेव्हर" करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते, मशीन झोपायला नको.

• डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये जाऊन वीज आल्यावर काय करायचं ती सेटिंग शोधा. "रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस" किंवा त्यासारखं नाव असतं. तिथे "पॉवर ऑन" निवडा. मग वीज आली की कॉम्प्युटर स्वतः चालू होतो. बायोसमध्ये बाकी कशालाही हात लावू नका.

• राउटर यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर आहे का ते बघा. कॉम्प्युटर चालू आणि राउटर बंद, तर उपयोग शून्य.

• विंडोज अपडेटमध्ये "ॲक्टिव्ह अवर्स" लावा, म्हणजे तुमच्या कामाच्या वेळेत मशीन आपोआप रीस्टार्ट होणार नाही.

पायरी २: दुकानाचं वेगळं गूगल खातं

स्वतःचं रोजचं जीमेल यासाठी वापरू नका. ज्याच्या हातात ते खातं, तो दुकानाच्या कॉम्प्युटरच्या दारात उभा राहिला असं समजा. वेगळं खातं काढा, लांब पासवर्ड ठेवा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. बॅकअप कोडची प्रिंट काढून घरच्या कपाटात ठेवा, दुकानाच्या गल्ल्यात नको.

मग दुकानाच्या कॉम्प्युटरवर क्रोममध्ये त्या खात्याने लॉगिन करा आणि "रिमोटडेस्कटॉप डॉट गूगल डॉट कॉम स्लॅश ॲक्सेस" हे पान उघडा. पत्ता स्वतः टाइप करा. सर्च करून पहिली दिसेल ती लिंक दाबू नका. तिथे रिमोट ॲक्सेस सेट करायचा पर्याय आहे. सॉफ्टवेअर उतरवा, इन्स्टॉल करा, कॉम्प्युटरला नाव द्या आणि किमान सहा अंकी पिन ठेवा. दुकानाच्या फोनचे शेवटचे सहा आकडे, जन्मतारीख, १२३४५६, असले पिन नकोत.

आता तुमच्या लॅपटॉपवर तेच खातं, तेच पान. कॉम्प्युटरचं नाव दिसेल, त्यावर क्लिक करा, पिन टाका. दुकानाची स्क्रीन समोर येईल.

याशिवाय दोन कुलपं आणखी. विंडोजला पासवर्ड हवाच. आणि टॅलीत तुमच्या नावाचा वेगळा युजर करा, म्हणजे कोणती एंट्री कोणी केली यावरून घरात वाद होणार नाही.

पायरी ३: वडिलांना नंबर वाचून दाखवायची सवय लावू नका

हा आजच्या धड्याचा गाभा आहे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

माझ्या वेळी जे सॉफ्टवेअर होतं, त्यात मी सोपा मार्ग धरला. रोज रात्री मी अण्णांना फोन करायचो. अण्णा चष्मा लावून स्क्रीनवरचा आयडी आणि पासवर्ड वाचून दाखवायचे, मी इकडे टाकायचो. माऊस हलायला लागला की अण्णा खुश. शेजारच्या दुकानदाराला बोलावून दाखवायचे, "बघा, पोरगं पुण्यात बसलंय आणि बाण इथं हलतोय." तीन वर्षं हे असंच चाललं. मला वाटायचं, मी अण्णांना तंत्रज्ञान शिकवलं.

डिग्री झाली, मी परत आलो, दुकान बघायला लागलो. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका दुपारी मी गोडाऊनला होतो. दुकानात फोन आला. "बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी अपडेट करायचंय, नाहीतर खातं आज बंद होईल." समोरच्याने अण्णांकडून कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि म्हणाला, "स्क्रीनवरचा नंबर सांगा." अण्णांनी चष्मा लावला आणि नंबर वाचून दाखवला. जसा तीन वर्षं रोज वाचून दाखवला होता तसाच. माऊस हलायला लागला. अण्णांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. त्यांच्या दृष्टीने माऊस आपोआप हलणं ही चांगली गोष्ट होती!

वाचवलं आमच्या दुकानातल्या पोराने. तो पाइप मोजून आत आला आणि म्हणाला, "अण्णा, दादा तर गोडाऊनला आहेत. मग हे कोण चालवतंय?" अण्णांनी मागून वायरच ओढली. तोपर्यंत बँकेचं पान उघडलेलं होतं. पैसे गेले नाहीत. पण त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "तूच शिकवलं होतंस रं नंबर सांगायला."

बरोबर होतं त्यांचं. चोराने त्यांना काही नवीन शिकवलं नव्हतं. मी लावलेली सवय त्याने वापरली. आम्ही मशीन फॉरमॅट केलं, सगळे पासवर्ड बदलले, बँकेत जाऊन आलो. अशा स्क्रीन शेअर करणाऱ्या ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही बँकांना सावध केलं होतं. म्हणजे हा प्रकार आमच्याच दुकानात झाला असं नाही.

म्हणून नियम असा: ज्या पद्धतीत घरच्या माणसाला फोनवर कोड सांगावा लागतो, ती पद्धत रोजच्या कामाला वापरायची नाही. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्येही दोन प्रकार आहेत. एक "सपोर्ट", ज्यात १२ अंकी कोड तयार होतो आणि तो दुसऱ्याला सांगावा लागतो. दुसरा "ॲक्सेस", जो आपण वर लावला. त्यात पिन तुमच्या डोक्यात असतो आणि घरच्यांना काहीच सांगावं लागत नाही. आपल्याला दुसराच हवा. मग घरच्यांसाठी नियम अगदी सरळ होतो: "आमचा मुलगा कधीच नंबर विचारत नाही. जो विचारतो तो चोर."

पण जीएसटीच्या ओटीपीचं काय?

हुशार विद्यार्थी इथे मला पकडतात. महिन्याचं रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि ३-बी ची २० तारीख सांभाळावी लागते. ईव्हीसीने रिटर्न फाइल करताना ओटीपी येतो तो वडिलांच्या मोबाइलवर. मग तो फोनवर विचारावाच लागणार ना?

हो, लागणार. यावर एकच उपाय आहे: फोनची दिशा ठरवून टाका. कोड मागणारा फोन आला, आवाज मुलाचाच वाटला, तरी वडिलांनी फोन ठेवायचा आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये सेव्ह केलेल्या मुलाच्या नंबरवर आपण फोन लावायचा. मगच कोड सांगायचा. आणि तोही फक्त ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या कामासाठी. तुमचे सीए किंवा टॅक्स सल्लागार रिटर्न भरत असतील, तर तुम्ही फक्त एंट्र्या पूर्ण करून यादी पाठवा. फाइलिंग त्यांना आणि वडिलांना समोरासमोर करू द्या. त्याहून चांगलं काही नाही.

नेट बँकिंग मात्र लांबून, दुकानाच्या स्क्रीनवर करू नका. बँकेचं काम वडिलांनी स्वतः करायचं. अपवाद नको.

पायरी ४: मॉनिटरखाली चिकटवायचा कागद

मोठ्या अक्षरात, हाताने लिहून चिकटवा:

१. मुलगा रात्री ९ नंतरच कॉम्प्युटर चालवतो. इतर वेळी माऊस आपोआप हलला, तर इंटरनेटची वायर काढायची.

२. फोनवर कोणालाही नंबर, कोड, ओटीपी सांगायचा नाही. आधी फोन ठेवायचा, मग आपण मुलाला लावायचा.

३. फोनवर कोणी सांगतंय म्हणून काहीही डाउनलोड करायचं नाही.

४. पैसे गेले असं वाटलं तर लगेच १९३० ला फोन, मग बँकेला.

१९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे. "कोणाला सांगू, लाज वाटते" म्हणून रात्र घालवायची नाही. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

दुकानात काम करणाऱ्यांनाही सांगा की हा कॉम्प्युटर लांबून बघता येतो. चोरून नजर ठेवायला हे लावलेलं नाही, हे त्यांना माहीत हवं. शिवाय माऊस कोण हलवतंय हा प्रश्न तेच विचारतील, हे तुम्ही वर वाचलंच.

पायरी ५: जाण्याआधी आठवडाभर रंगीत तालीम

निघायच्या सात दिवस आधीपासून दुकानाच्या कॉम्प्युटरला हात लावू नका. घरी बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून सगळं काम लांबूनच करा. दुकानाचं वायफाय वापरलं तर ती परीक्षा खरी नाही.

एक दिवस दुकानाचा मेन स्विच बंद करून दहा मिनिटांनी चालू करा. कॉम्प्युटर उठला? राउटर उठला? पिन टाकल्यावर विंडोजची लॉगिन स्क्रीन दिसली? एक दिवस वडिलांना दुसऱ्याच्या फोनवरून फोन करून कोड मागा आणि बघा ते काय करतात. सांगितला तर रागावू नका. पुन्हा समजावा, दोन दिवसांनी पुन्हा फोन करा.

हॉस्टेलला गेल्यावर

• कॉलेजच्या वायफायवर असं सॉफ्टवेअर कधीकधी बंद केलेलं असतं. तिथे वाकड्या वाटा शोधू नका. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा.

• मित्राच्या लॅपटॉपवर किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये दुकानाचं खातं उघडू नका. "दोनच मिनिटं" म्हणून उघडलेलं लॉगिन तसंच राहतं.

• प्रिंटची कमांड दुकानाच्या प्रिंटरला दिली तर कागद दुकानात निघतो. उधारीची यादी अशीच काढा. सकाळी वडील दुकान उघडतील तेव्हा ट्रेमध्ये तयार असेल.

• काम संपलं की टॅली बंद, बॅकअप, विंडोज लॉक, मग डिस्कनेक्ट. या क्रमाने.

• परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस दुकान बंद समजा. तुम्ही शिकायला गेला आहात.

शेवटचं

माझी दुसरी चूक पण सांगून टाकतो. मी लांबून सगळं करत राहिलो, म्हणून अण्णांना कधी काही शिकावंच लागलं नाही. तीन वर्षांत मी त्यांना एकदाही खतावणी उघडून दाखवली नाही. तुम्ही तसं करू नका. रोज रात्री काम करताना फोन स्पीकरवर ठेवा आणि वडिलांना स्क्रीनसमोर बसवा. "हे बघा, हे पाटलांचं खातं, एवढी बाकी." सहा महिन्यांत ते स्वतः बाकी काढायला लागतील. मग तुमचं काम आठवड्यातून एका रात्रीवर येईल, आणि ज्या रात्री तुमचं नेट चालणार नाही, त्या रात्री दुकान अडणार नाही.

आजचा गृहपाठ: दुकानात जाऊन फक्त दोन गोष्टी बघा. एक, वीज गेल्यावर आल्यावर कॉम्प्युटर आपोआप चालू होतो का. दोन, वडिलांना, किंवा जे काउंटरवर बसतात त्यांना विचारा, "बँकेतून फोन आला आणि नंबर मागितला, तर काय कराल?" उत्तर नीट ऐका. सॉफ्टवेअर त्यानंतर लावा.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत हिशेब चोख ठेवा.